मुळी आणायला जाताना

माय, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. चौथी शिकलेल्या माणसाला एकेक ओळ जड जाते. त्यात सकाळपासून छातीत धडधड आहे आणि बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही.

धडधडीचं कारण तुझी पणती. माझी ही नात लातूरला दवाखान्यात नर्स आहे. तिनं कादंबरी लिहिली आहे, तुझ्या आजीवर, तुझ्या आईवर आणि तुझ्यावर. निजामाच्या काळापासून कावीळ उतरवणाऱ्या, अडलेल्या बायका सोडवणाऱ्या तुम्ही तिघी. लोकांनी तिघींचं औषध घेतलं आणि तिघींच्या दारावरून जाताना लेकरं पदराखाली झाकली. कागद माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "आबा, काय चुकलं असंल तर सांगा. सोमवारी छापायला द्यायचंय."

चुकलंय, माय. एका पानावर तू बोलतेस.

औषधाची मुळी आणायला निघालं की वाटेत बोलायचं नाही, बोललं तर मुळीचा गुण जातो, हे तुला तुझ्या आईनं शिकवलेलं. एकदा मी मागून हाक मारली होती, "माय, चटणी कुठं ठेवलीस?" तू तशीच माघारी आलीस आणि चुलीपुढं बसून माझ्यावर ओरडलीस, "चटणीपायी मुळी घालवलीस! आता त्या पेशंटनं उद्यापतूर कळ काढायची का? तोंड हाय का भोंगा?" मग तुझं तुलाच हसू आलं आणि माझ्या भाकरीवर चटणीचा मोठा गोळा ठेवलास.

पुढं काही वर्षांनी शेजारणीचं लेकरू काविळीनं पिवळंधमक पडलेलं. त्याच्याचसाठी तू पहाटे ओढ्याकडं निघालीस. शेजारीण दारातच उभी होती. "अक्का, कुठं निघालीस? माझं लेकरू जगंल का गं?" तू खाली मान घालून पुढं गेलीस. मुळी घेऊन परत आलीस तोवर लेकरू गेलं होतं. ती छाती बडवत सगळ्या गल्लीला सांगत होती, "इचारलं तर बोलली न्हाई, नुसते व्हट हलवत गेली. भानामती केली हिनं."

मी तेव्हा लातूरला डाळ मिलमध्ये पोती उचलत होतो. निरोप मिळाला तसा एसटीनं बिलोलीला उतरलो आणि गावाकडं पळत सुटलो. पोचलो तेव्हा ओसरीवर रक्त होतं. दात पाडले की मंत्र चालत नाही म्हणतात, म्हणून गल्लीतल्या लोकांनी तुझे पुढचे दात पाडले होते. जिनं एक शब्द काढला नव्हता तिचे. मी तुला लातूरला माझ्याकडं घेऊन आलो. स्टेशनामागच्या त्या खोलीत तू तोंडाला पदर लावून बसायचीस, भाकरी पाण्यात कुस्करून खायचीस. त्या बाईला एक शिवीसुद्धा दिली नाहीस. मी विचारलं की भिंतीकडं तोंड करायचीस. अशीच गेलीस.

आणि पोरीच्या कादंबरीत तू थांबतेस. त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणतेस, "तुझ्याच लेकरासाठी चाललेय गं. आत जा, त्याच्यापाशी बस."

मी पोरीला म्हणालो, "हे खोटं हाय. माझ्या मायनं नियम मोडला नव्हता."

ती म्हणाली, "आबा, त्या मुळीनं लेकरू वाचलं असतं का, मला न्हाई माहीत. पण इतक्या पिढ्यांत एकीला तरी बोलू द्या की."

हे असंच छापलं तर लोक म्हणतील, वाटेत बोलली म्हणूनच लेकरू गेलं. काढायला सांगितलं तर तुला पुन्हा गप्प करणारा मीच. जेवण जात नाही, माय. तुझे ओठ हलले असं ती शेजारीण म्हणाली होती. खरंच हलले होते का? तिला सांगायला तुझ्या तोंडाशी काही आलं होतं का?

सगळं वाचलं असं मी पोरीला सांगितलंय. वाचलेलं नाही. त्या पानाच्या पुढं गेलोच नाही. तिथं तू पहाटेच्या वाटेवर उभी आहेस आणि तुझे सगळे दात जागेवर आहेत.

सोमवार जवळ आला. काय ते लवकर कळव. बोलायचं नसलं तर स्वप्नात येऊन नुसती मान हलव.