डबी टॉप मॉडेल झाली, त्याची हकीकत

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. कंबर सध्या खाली वाकत नाही, आणि वाकली तर वर येत नाही. कारण पुढे येईलच.) भावोजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल तर त्यांना बाबांच्या समोर खोकू देऊ नकोस. बाबा उपाय सांगून बेजार करतील. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे तुझी भावजय माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तिला माझ्याकडे फारसं काम नसतं.

काल बाबांचा फोन आला. मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं दिसायला लागलं म्हणून त्यांनी तुमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या दुकानांच्या सगळ्या पाट्या मला वाचून दाखवल्या, शेवटची दोनदा. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी डबी घेऊन स्टेशनवर ये. येताना मी चालवीन." आवाजात इतका आनंद होता की मी नुसतं 'हो' म्हटलं आणि घाईनं फोन ठेवला. कारण ते ज्या डबीबद्दल बोलत होते, ती डबी आता राहिलेली नाही. (घाबरू नकोस. चोरीला गेलेली नाही की कुठे धडकलेली नाही. धडकली असती तर निदान विम्यात बसलं असतं.)

तुला आठवत असेल, ही गाडी घेताना शोरूममधल्या पोरीनं बाबांना पाच मॉडेलं दाखवली होती आणि बाबांनी सगळ्यात खालचं निवडलं होतं. काचा हातानं फिरवायच्या, कुलपं एकेक करून लावायची, आणि वरच्या मॉडेलात जिथे बटणं असतात तिथे काळ्या प्लास्टिकची झाकणं. ती पोरगी जीव तोडून बटणांचे फायदे सांगत होती. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जे नसतं ते बिघडत नाही." मी त्या झाकणांकडे बघत इतकी वर्षं काढली, ताई. कुणाच्या घरी जेवायला जावं आणि आपल्यापुढेच रिकामी वाटी ठेवलेली असावी, तसं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

पण शपथेवर सांगतो, सुरुवात झाकणांपासून झाली नाही. सुरुवात बाबांच्या सीटपासून झाली. त्या सीटची स्प्रिंग वर आली आहे आणि बाबा तिच्यावर टॉवेलची घडी ठेवून बसतात, हे मला बघवत नव्हतं. ते तुझ्याकडे आहेत तोवर एक चांगलं कव्हर घालून टाकावं, आल्यावर खूश होतील, एवढाच विचार. कव्हरवाल्यानं सीट दाबून बघितली आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला. आतला फोम बसलाय म्हणाला. फोम बदलायचा तर सांगाडा गंजलाय, सांगाडा बदलायचा तर सीटच बदला. आणि योगायोग बघ, त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे हेच टॉप मॉडेल येऊन पडलं होतं. पुढून चेपलेलं, आतून नवी नवरी. बदामी सीटा, बदामी मॅट, दारांना आतून बदामी कापड, आणि बटणं! मी मोजत बसलो नाही, पण आपल्या झाकणांना पुरून उरतील एवढी होती. घरी येऊन सांगितलं तर तुझी भावजय म्हणाली, "गाडी बाबांची, हौस तुमची. त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, विचारलं तर गंमत काय राहिली? (ती गंमत आता राहिली आहे. पुरेशी राहिली आहे.)

सीटा बसल्या. टॉप मॉडेलच्या सीटा उंच असतात, हे बसल्यावर कळलं. मला छान होतं, रस्ता आधीपेक्षा जास्त दिसतो. पण मी आईच्या उंचीवर गेलो आहे आणि बाबा ताडमाड. त्यांच्या उंचीचा म्हणून मी कव्हरवाल्याला बसवून बघितलं, तर डोकं छताला लागून, मान वाकडी होऊन त्याला फक्त स्वतःचा खिसा दिसत होता. मॅट मळू नये म्हणून मी दुकानासमोर चपला काढून गाडीत बसलो आणि तसाच घरी आलो. चपला तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर नव्हत्या.

मग दारं. हे काम मी स्वतः केलं, आणि फार सुबक केलं, हे मला नमूद करायचं आहे. धूळ नको म्हणून काचा पूर्ण वर घेतल्या, हँडलं काढली, दारांची जुनी आतली पॅनेलं उतरवली, बदामी पॅनेलं लावली, क्लिपा एकेक करून खटाखट बसवल्या. मागे सरून बघितलं. डोळ्यांचं पारणं फिटलं. तेव्हा लक्षात आलं की टॉप मॉडेलच्या दाराला हँडलसाठी भोक नसतं. असायचं कारणच नाही, त्याला बटण असतं. बटण मलाही होतं, पण ते दाबल्यावर काच खाली नेणारी मोटर आणि तारा आपल्या डबीत जन्मापासून नाहीत. क्लिपा काढायला गेलो तर कव्हरवाला म्हणाला, ओढलंत तर कापडासकट फाटेल. भंगारवाल्याकडे धावलो, कारण जुनी पॅनेलं आणि हँडलं मी त्याला मोठ्या मनानं देऊन आलो होतो. ती त्याच संध्याकाळी विकली गेली होती. त्या हँडलांना फार मागणी आहे, म्हणाला.

शेजारच्या काकांनी (उंटावरचे शहाणे म्हणून तू ज्यांना ओळखतेस तेच) तारा जोडून देतो म्हणून मला डॅशबोर्डखाली उताणं झोपवलं आणि स्वतः बाहेर उभं राहून सूचना दिल्या. कमरेचं कारण हे. परिणाम असा की काचेचं बटण दाबलं की हॉर्न वाजतो. पेट्रोल पंपावर मी सवयीनं बटण दाबलं. पंपवाला दचकला, मग चिडला, मग काचेला तोंड लावून ओरडला, "साहेब, काच खाली घ्या की!" मी आतून हातवारे केले. शेवटी दार उघडलं ते त्याच्या गुडघ्यावर. गुडघा चोळत त्यानं विचारलं, "खाली येत नाही तर बटण कशाला लावलंय?" शोभेला, असं मी सांगितलं. त्यानं पेट्रोलचे पैसे आधी मागून घेतले.

आता खरं दुखणं. बाबा इंडिकेटरवर विश्वास ठेवत नाहीत, तुला माहीत आहे. दिवा लागला की नाही ते आपल्याला दिसत नाही, हात बाहेर आहे की नाही ते कळतं, हे त्यांचं म्हणणं. वळायचं म्हणजे उजवा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर. काच बंद असेल तर ते गाडी चालवणारच नाहीत. आणि गेल्या वर्षी तू मला फोनवर म्हणाली होतीस ना, काहीतरी युक्ती कर आणि त्यांचं चालवणं बंद पाड? फोन स्पीकरवर होता, ताई. बाबा शेजारच्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "बंद करायचं तर तोंडावर सांगा. पाठीमागे युक्त्या नकोत." मी वचन दिलं. आणि ते देताना मला बरं वाटलं, कारण ते चालवत असताना शेजारी बसायला मला अजूनही आवडतं. तेवढ्या वेळात ते माझ्याशी जितकं बोलतात तितकं घरात महिनाभर बोलत नाहीत.

बाकी क्षेम. भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – वायरमन मोकळा व्हायला पंधरा दिवस आहेत. तोवर बाबांना तिकडेच ठेवून घे. भावोजींना पुन्हा खोकायला सांग, बाबा उपाय केल्याशिवाय निघणार नाहीत.

ता. क. २ – तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं. ती म्हणते, आधी बहिणीनं अडवून ठेवलं आणि घरी येऊन बघतात तर छत डोक्याला लागतं नि काचा बंद, म्हणजे दोघा भावंडांचा कट उघडच आहे. बरोबर आहे तिचं. तेव्हा त्यांना अडवू नकोस. उलट हे पत्र त्यांना पहिल्यापासून वाचून दाखव, कंसातलं सुद्धा. त्यांना एवढंच पटव की हे मी मुद्दाम केलेलं नाही, मुद्दाम करण्याइतकी अक्कल मला नाही. माझ्या अकलेबद्दल त्यांचं जुनं मत आहे. तू फक्त दुजोरा दे. आणि गाडी त्यांचीच आहे हे त्यांना कळावं म्हणून डबीची किल्ली या पाकिटात घातली आहे. त्यांच्या हातात दे.

ता. क. ३ (पाकिटाच्या पाठीवर लिहितोय, कारण पाकीट आता चिकटलं) – किल्ली एकच आहे. मग रविवारी मी स्टेशनवर डबी आणणार कशी? बसनं येतो. बाबांना हेही वाचून दाखव. पटायला मदत होईल.