अकरा बाटल्या पाणी

४ मार्च, मंगळवार

आमची लघवी पाहिजे म्हणे! सकाळची पहिली, डबीत भरून! चार बुकं शिकलेली माणसं, नागपूरवरून गाडी करून आली, ओसरीवर टेकली, आणि मागतलं काय तर हे. मी म्हटलं, चहा मागा, पोहे मागा. हे काय मागून राहिले?

आणि दिवस कोणता निवडला? मंगळवार! योगराज आत्ताच गोंदियाहून डायलिसिस करून आला. पोराच्या पायात उभं राहायचं बळ नाही आणि हे त्याले प्रश्न विचारून राहिले. किती वर्षं झाली धान लावता? फवारताना तोंडाले फडकं बांधता का? बांधीत, शेताच्या चिखलात असले की दुपारपर्यंत पाणी किती पिता? कुठलं पिता? तो मान हलवून राहिला. मग मीच समोर बसली. या घरात काही विचारायचं तर मले विचारा म्हटलं.

त्यांच्यात एक पोरगी आहे. रुचिका. रसायनाचं शिकलेली आहे म्हणे. तिले मी सरळ विचारलं — माहा पोरगा अडतीस वर्षांचा. साखर नाही, बीपी नाही, दारूले हात लावत नाही. त्याच्या किडन्या काऊन गेल्या?

"आजी, तेच तर शोधतोय. धान पिकवणाऱ्या बऱ्याच भागांत असे तरणे गडी आजारी पडतात. श्रीलंकेतसुद्धा. कोणी म्हणतं पाणी, कोणी म्हणतं फवारणीचं औषध, कोणी म्हणतं उन्हात राबून अंग सुकतं म्हणून. नक्की अजून कोणालाच माहीत नाही."

माहीत नाही! एवढं सांगायले नागपूरवरून पेट्रोल जाळलं. हे तर मी घरबसल्या सांगतलं असतं.

५ मार्च

योगराज — पाणी चार गिलास. भात दोन घास.

ही वही दवाखान्यातल्या सिस्टरनं दिली. तो दिवसाले किती पाणी पिला ते लिहायचं. लिटरच्या वर नको. नीतूनं, म्हणजे माह्या सुनेनं, दहावी केली आहे, पण तिचं अक्षर तिलेच वाचता येत नाही. मी चौथी पास. म्हणून वही माह्याकडे. पाणी लिहून पान उरते, मग बाकीचं लिहिते. कोणाले दाखवायचं नाही.

आज ते पुन्हा आले. आमच्या मोहल्ल्यात घरं अकरा. अकरा घरांले अकरा बाटल्या दिल्या, खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर घरवाल्याचं नाव. "जे पाणी रोज पिता तेच भरा. उद्या नऊ वाजता नेतो." म्हटलं, सगळ्या माह्या ओसरीवर आणून ठेवा. नाही तर ही बायकामाणसं दिवसभर भरत बसतील.

शेजारची रुख्मा म्हणे, "मावशी, आता पाणी तपासून कोणाले काय भेटणार?" तिचा नवरा श्यामलाल मागच्या पोळ्याच्या आधी गेला. एक्केचाळीसचा होता. योगराजसारखंच झालं त्याले.

६ मार्च

सकाळी सातले अकराही बाटल्या ओसरीवर हजर. पाहून माह्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या बोरिंगचं पाणी तर तांबडं, बुडाले गंज बसलेला. दुसऱ्या बोरिंगच्या पाण्यावर साय. रुख्माच्या विहिरीचं हिरवट. आणि हे नागपूरच्या पाहुण्यांच्या हातात द्यायचं? लोक काय म्हणतील — या गावात बायका आहेत की नाही!

सगळ्या बाटल्या पपईच्या बुडाशी उपड्या केल्या. योगराजसाठी कामठ्यावरून कॅन येते फिल्टरच्या पाण्याची. डॉक्टरनं सांगतलं, थोडंच पिईल, पण जे पिईल ते चांगलं पिऊ द्या. कॅन बुडाले आली होती, तरी तिच्यातून अकराही भरल्या, चिठ्ठ्यांवरचं पाणी पुसलं, पाटावर ओळीनं मांडल्या. काचेसारखं चमकून राहिलं पाणी!

रुख्मा दारात उभी. "मावशी, असं चालते का वं?"

"तुह्या घरी सोयरा आला तर गढूळ पाणी देतं का?"

"नाही."

"मग?"

रुचिका नऊले आली. घाईत होती. "किती छान भरल्यात!" म्हणे आणि पेटीत टाकून गेली. चहा पिऊन गेली, तोही कॅनच्याच पाण्याचा. योगराजले आज कॅन पुरली नाही, बोरिंगचं उकळून दिलं. एक दिवसानं काय होते.

१४ मार्च

पाणी साडेतीन गिलास. जेवला नाही. बोलला नाही.

१९ मार्च

आमगाववरून सोयरे येऊन गेले चेतनासाठी. माही नात, एकोणीस पुरे. पोरगा चांगला आहे, नजर खाली ठेवून बसला होता. पण त्याची माय! नाश्ता झाला, सुपारी खाऊन झाली, मग हळूच काढलं — "तुमच्या गावात किडनीचं लय आहे म्हणतात?"

मी म्हटलं, "लय कुठचं? दोन-चार."

"पाण्यातून होते म्हणतात."

"तपासून राहिले."

"मग कागद आला की सांगा."

कागद आला की सांगा! पोरगी पाहायले आली की पाणी पाहायले?

८ एप्रिल, मंगळवार

कागद आला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला. पाणी पिण्यायोग्य! सरपंच ताराचंद घरोघरी पेढे वाटत फिरला. "काकी, गाव सुटलं!"

आणि इकडे डॉक्टर योगराजले विचारून राहिला, कंबर दुखते म्हणून गोळ्या लय खाल्ल्या असतील ना तुम्ही? म्हणजे पाणी चांगलं, मग चूक माह्या पोराची. धानाच्या रोवणीच्या दिवसात वाकून वाकून कंबर कोणाची दुखत नाही? सारा जिल्हा गोळ्या खाते.

रुख्मानं पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवला. "मग माहा नवरा कायनं मेला, मावशी?"

मी काय सांगू! त्या नागपूरवाल्यांवर असा राग आला. महिनाभर मशीनी फिरवल्या, आणि काढलं काय तर पाणी चांगलं. आमच्या बोरिंगचं पाणी म्हैस तोंडाले लावत नाही. डाळ शिजत नाही त्यात. म्हशीले कळते ते यांले कळत नाही!

९ एप्रिल

कागद स्वतः पाहायले गेली. इंग्रजी आहे, पण आकडे मले येतात. अकरा ओळी. पहिल्या ओळीत जो आकडा तोच दुसऱ्या ओळीत, तोच तिसऱ्या. अकराव्यापर्यंत तोच. बाजूच्या रकान्यातही तसंच.

मोहल्ल्यात दोन बोरिंग, दोन विहिरी. रुख्माच्या विहिरीचं आणि माह्या बोरिंगचं पाणी एक कसं होईल?

तिथंच पायरीवर बसली. पंचायतीचा शिपाई म्हणे, काय झालं आजी, चक्कर आली का?

कामठ्याची कॅन अकरा वेळा पास झाली. मीच पास केली. माह्या या हातांनी.

१० एप्रिल

कोणाले सांगतलं नाही. पाणी चार गिलास.

११ एप्रिल

नाही सांगतलं. सांगू कशी? महिनाभर त्या लोकांले शिव्या घातल्या. चौकात घातल्या. रुख्मासमोर घातल्या.

रुख्माले तर माहीतच आहे. ती काही बोलत नाही. तिनं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल, रविवार

रुख्माच्याच मोबाईलवरून रुचिकाले फोन लावला. एका दमात सांगतलं — मी ओतलं, मी भरलं, बाकी कोणाची चूक नाही. म्हटलं आता ही ओरडेल. ओरडली नाही.

"आजी, सगळे आकडे सारखे आले तेव्हा मलाही शंका आली होती. तुमच्या घरी फोन केला होता मी. विचारलं, बाटल्यांत ज्याच्या त्याच्या घरचं पाणी आहे ना? ते हो म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"नाव नाही विचारलं. पुरुषाचा आवाज होता. थकलेला."

माह्या घरात पुरुष एकच आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

ऑटोत बसल्यावर विचारलं त्याले. घरी विचारलं असतं तर तोंड फिरवून झोपला असता. ऑटोतून कुठं जाईल?

"तू मले ओतताना पाहिलं होतं?"

"पाहिलं, माय. खाटेवरूनच दिसत होतं."

"आणि फोनवर खोटं बोलला?"

तो बाहेर पाहून राहिला. रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर. मग म्हणे, "कोणतं पाणी पिलो ते समजून माह्या किडन्या वापस येतात का? माहं जे व्हायचं ते झालं. कागद चांगला आला तर पोरगी चांगल्या घरी जाते. तू भरलं ते बरंच केलं."

बरंच केलं म्हणे! असा संताप आला. एवढा मोठा होऊन बुद्धी नाही.

"योगराज, कॅनचं पाणी तू पितं. तुही पोरगी कोणतं पिते?"

त्यानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. नागरा फाट्यापर्यंत काढला नाही. ऑटोवाला मधेच म्हणे, आजी, दवाखान्याच्या गेटवर सोडू की आत? मी म्हटलं, जिथं सोडायचं तिथं सोड, मधात बोलू नको.

मशीनवर चार तास झोपला होता. डोळे मिटून. झोपला नव्हता, मले माहीत आहे.

१८ एप्रिल

ताराचंद घरी आला. काकी, झालं ते झालं, आता वर काढू नका. गावात सात पोरी लग्नाच्या आहेत. पाणी खराब निघालं तर कोण सोयरीक करेल? गावाचं नाक जाईल.

मी म्हटलं, "नाक राहिलं तरी मुतायले किडनीच लागते, ताराचंद."

चहा न पिता गेला. पहिल्यांदाच.

चेतना चुलीपाशी ऐकून राहिली होती. तिले म्हटलं, आजपासून तूही कॅनचं पी. "आणि आई? आणि तू? आणि रुख्माकाकू?" म्हणे. एवढ्या कॅन कोण आणेल? प्रश्न विचारायले सगळ्यांले येते.

२० एप्रिल, रविवार

टीम आली. बाटल्या या वेळेस त्यांनीच भरल्या, बोरिंगवर, विहिरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मोहल्ला जमला होता. मी उभी राहून सांगतलं, मागच्या वेळेस अकराही बाटल्या मी भरल्या, कॅनच्या पाण्यानं, कोणाले विचारलं नाही. ज्याले बोलायचं त्यानं मले बोला.

रुख्मानं माह्या हातातली बादली घेतली आणि विहिरीचं पाणी स्वतः ओढून दिलं.

मग रुचिका म्हणे, "आजी, आता रक्तही घेऊ. पंचवीसच्या आतली जी मुलं-मुली हे पाणी पितात त्यांचं. आजार असला तर लवकर कळलेलं बरं." नावं लिहायले बसली. चेतनाचं नाव विचारलं.

योगराज म्हणे, "नाही. तिचं लग्न आहे."

रुचिकानं माह्याकडे पाहिलं. साऱ्यांनी पाहिलं. आणि मी, आत्ताच एवढं भाषण करणारी, मी म्हटलं, "लग्न होऊ द्या, मग पाहू."

लिहितानाही लाज वाटून राहिली. पाण्याचं खरं सांगायले तोंड होतं. रक्ताचं खरं ऐकायले नव्हतं.

चेतना तिथंच होती. बादली उचलून घरात गेली.

२६ एप्रिल

पाणी तीन गिलास. पाय सुजले. ऊन असं आहे की पपईची पानं लोंबून राहिली. आमगाववाल्यांचा फोन नाही.

९ मे, शुक्रवार

रुचिकाचा फोन आला. दोन्ही बोरिंग खराब, दोन्ही विहिरी खराब, रुख्माची तर सगळ्यात खराब. आकडे चारही ठिकाणचे वेगळे. म्हणे, "आजी, एवढ्यानंच किडन्या गेल्या असं मी अजून म्हणू शकत नाही. उन्हाचं, औषधाचं बघायचं आहे. पण हे पाणी आजपासून बंद." म्हटलं, आधी टाकी पाठवा, मग बंद म्हणा. बसली आहे तिकडे थंड्यात, बंद म्हणते! तालुक्याले अर्ज द्यायचा आहे. ताराचंद सही करत नाही. करेल. त्याच्या घरीही पोरगी आहे.

१२ मे

चेतनानं रक्त दिलं. मागच्याच आठवड्यात. कॉलेजले जाते सांगून नागपूरले गेली, एकटी, रुचिकाकडे. आमगावच्या पोराले तिनंच फोन करून सांगतलं, की रक्त दिलं आहे, जे येईल ते तुमच्या घरी कळवते, मग ठरवा. ना बापाले विचारलं, ना मले.

निकाल उद्या सकाळी दहाले फोनवर. योगराज म्हणते मी उचलतो. नीतू म्हणते, आई, तुम्हीच उचला, तुम्ही खंबीर आहात. काही नाही! फोन चेतनाच्या हातात द्यायचा आणि आपण बाहेर बसायचं. बोलेल तर तीच बोलेल. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. मी पण नाही.