पडदे उघडे होते

अपर हॅसलकोट,
१४ ऑक्टोबर

प्रिय जाइल्स,

अनेक आशीर्वाद. ‘एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये’ म्हणणारी तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण तिन्हींत तुझंच बरोबर होतं, आणि धाकट्या भावाला तसं लेखी कळवणं थोरल्या बहिणीला शोभत नाही.

इकडे क्षेम. सफरचंदं उदंड आली आहेत. प्रत्येक फाटकाशी ‘फुकट न्या’ लिहिलेली टोपली, आणि नेणारा कुणी नाही, कारण त्याच्याही दारात तीच टोपली. गावातलं एकुलतं दुकान बंद पडलं. बस आता फक्त गुरुवारी. जन्मभर संस्कृत शिकवून मी इथे वानप्रस्थ घ्यायला आले. पण वनात जाताना गाडीचा परवाना लागतो, हे एकाही शास्त्रकाराने लिहून ठेवलेलं नाही. माझा एप्रिलात गेला. डोळे. गावाला सांगितलं, गाडी बिघडलीय. सहा महिने ती बिघडलेलीच आहे.

मागच्या मंगळवारी जरा पडले. विशेष काही नाही.

म्हणजे असं, की एकट्या माणसाने आठच्या आत पुढचे पडदे उघडायचे, ही इथली रीत. नाही उघडले तर समोरची मिसेस थर्कल दार वाजवणार. मी पडदे उघडले, चहा ठेवायला वळले, आणि स्वयंपाकघरात उतरायची पायरी दिसलीच नाही. एका पायाचा घोटा मोडला, दुसऱ्याचा गुडघा वळेना. फोन वरच्या खोलीत.

दहाच्या सुमारास खिडकीबाहेर मिसेस थर्कल आणि चर्चची घंटा वाजवणारा डेरेक येऊन थांबले.

“बाई आज बागेत दिसल्या नाहीत,” डेरेक म्हणाला.

“पडदे उघडे आहेत की! बसली असेल पोथीत डोकं घालून. उगाच कशाला त्रास द्यायचा?”

“तेही खरंच. भोपळे काय म्हणतात तुमचे?”

मग वीस मिनिटं भोपळे.

पडदे रात्रीही उघडेच राहिले, त्यामुळे बुधवारी सकाळी गाव पुन्हा निर्धास्त. दुपारी मिसेस थर्कल मुरांब्याच्या रिकाम्या बरण्या मागायला मागच्या दाराने आली, म्हणून सापडले.

“अगं फिलिपा! कालपासून? आम्ही इथेच तर उभे होतो! हाक नाही मारायचीस?”

“तुमचं बोलणं मोडायला नको म्हटलं.”

“तू म्हणजे ना, कमाल आहेस!” ती हसली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत माझा हात धरून बसली. आता सगळं गाव हा विनोद सांगतंय.

विनोद नव्हता, जाइल्स. माझा आवाज शाबूत होता. पण स्कर्ट ओला झाला होता, आणि डेरेकने मला तसं पाहायला नको होतं. म्हणून गप्प राहिले. हे झालं सांगण्यासारखं कारण. ते दोघे निघून गेले तेव्हा मला हायसं वाटलं. आता कुणाशी नीट बोलायला नको, उठायला नको. संध्याकाळपर्यंत मी कुणाची वाटही पाहत नव्हते.

भीती वाटते ती त्याची. पडण्याची नाही.

पायाला प्लास्टर आहे. लोक सूप आणून देतात, “कशी आहेस?” विचारतात. मी “बरी आहे” म्हणते, आणि ते समाधानाने घरी जातात. तू विचारू नकोस. तुलाही तेच सांगेन. शनिवारी गाडी घेऊन ये. मी चहा करीन, गंमत करीन, यायचं नाही म्हणून वादही घालीन, आणि वादात तू मला कधी हरवलेलं नाहीस. ऐकू नकोस. उचल आणि ने.

बरी नसलेली,
तुझी बहीण
फिलिपा