उजव्या डोळ्यातली चित्रं

३ मार्च

आले एकदाची. धाकटी स्टेशनवर हजर होती. माझ्या दोन्ही बॅगा तिनंच तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवल्या, मला हात लावू दिला नाही. दोन खोल्यांचं घर, त्यात कपाटाचा अर्धा भाग माझ्यासाठी रिकामा करून ठेवलेला. स्टुडिओ बंद पडल्यावर घरी बसलेल्या ताईला थेट आपल्याच संस्थेत काम मिळवून दिलं पठ्ठीने. सोळा वर्षं मी लोकांच्या फोटोंतले तीळ आणि सुरकुत्या पुसल्या. आता म्हणे आकाश पुसायचं.

संस्थेच्या दारातच भिंतभर चित्र आहे. शनीचा एक चंद्र, त्यावर बर्फाचं मैदान, वर पिवळसर शनी आणि त्याची कडी सुरीच्या धारेइतकी बारीक दिसणारी. खाली धाकटीचं नाव. चित्र बघायचं सोडून मी नावच बघत राहिले.

६ मार्च

काम समजलं. त्या चंद्रावर आपली सहा चाकांची गाडी फिरते. तिला दोन कॅमेरे; इथे सगळे त्यांना डावा डोळा, उजवा डोळा म्हणतात. प्रत्येक डोळा एकच दृश्य तीनदा टिपतो, आधी लाल काचेतून, मग हिरव्या, मग निळ्या. सव्वा तासाने आपल्याकडे तीन काळेपांढरे फोटो पोचतात. ते एकावर एक नीट बसवले की रंग उमटतात. मधल्या वेळात काही हललं, तर त्याच्या तीन रंगांच्या तीन आकृत्या सुटतात. पण तिथे हलणार कोण, असं साहेब हसत म्हणाले. डावा डोळा धाकटीकडे, उजवा माझ्याकडे.

१४ मार्च

कॅलेंडरसाठी बारा चित्रं निवडली. बाराही धाकटीची. माझं एक साहेबांना बरं वाटलं होतं. धाकटीने ते उघडून बर्फाचा निळा जरासा उतरवला आणि चित्र खरंच सुधारलं. त्याचाच जास्त राग आला. घरी येताना माझ्या हातात हात घालून म्हणाली, वर्षभरात तू मला मागे टाकशील बघ. मी हसले. हिला चालायला मी शिकवलंय.

२२ मार्च

उजव्या डोळ्यात काहीतरी आहे. दूरच्या कड्यापाशी तीन ठिपके: लाल, हिरवा, निळा. सवयीने पुसणार होते. मग मोठं करून पाहिलं. तिन्ही उभे आहेत. तिन्हींना खांदे आहेत.

डाव्या डोळ्याने त्याच वेळी टिपलेलं मैदान मोकळं. धाकटीला बोलले नाही. पहिल्यांदाच काहीतरी फक्त माझ्या वाट्याला आलंय.

२६ मार्च

ते निम्म्या वाटेवर आलं. मी रोज त्याला पुसून चित्र साहेबांना देते, मूळ फोटो माझ्याकडेच ठेवते. आणि ते जितकं जवळ येतं, तितकं चित्र देखणं निघतं. आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. धाकटीने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. तिला साधं जळताही येत नाही.

३० मार्च

चाकाशेजारी उभं आहे. चेहरा नाही. नुसत्या तीन रंगांच्या कडा, आणि त्या कॅमेऱ्याकडे वळलेल्या.

साहेबांना सांगायला उठले. वाटेत फळ्यावर मोठ्या प्रदर्शनाची यादी लावलेली दिसली. पहिलं नाव धाकटीचं. तशीच परत येऊन बसले.

डोळे दुखतात असं सांगून तिला म्हटलं, उद्या उजवा डोळा तू बघ. ती म्हणाली, "अगं ताई, आधी सांगायचंस ना."

काय होईल याची मला कल्पना नव्हती, असं निदान इथे तरी लिहिणार नाही.

३१ मार्च

दुपारभर ती पडद्यासमोर हलली नाही. हाक मारली तेव्हा सावकाश वळली. घरी येताना उन्हात पाहिलं. तिच्या एका बाजूला लाल कड, दुसरीला निळी. ती वळली. हिरवी मागाहून वळली.

१ एप्रिल

बोलत नाही. खोलीत फिरते. चहा दिला, तो तसाच गार झाला. साहेबांना कळवलं, ताप आहे.

२ एप्रिल

आजचा फोटो. मैदानावर धाकटी. परवाचाच पिवळा ड्रेस, पायात ऑफिसच्या चपला. तिच्याभोवती एकही रंगीत कड नाही, तीनही वेळा जराही न हललेली. हात कॅमेऱ्याकडे पसरलेला. वर शनी. असं चित्र आजवर कोणी केलं नसेल.

साहेबांना दाखवायला हवं होतं. पण दाखवलं असतं तर सगळे तिलाच बघत बसले असते—

पुसली. चार तास लागले. सावलीसकट पुसली.

३ एप्रिल

यादीत माझं चित्र पहिलं. खाली माझं नाव.

दुपारचे तीन. घरात. स्वयंपाकघरात ती— ते— भांडी लावतंय. प्रत्येक भांडं तीनदा वाजतं.

दारावर थाप. बाहेर धाकटी. दम लागलाय तिला. "ताई, उघड ना. मला का पुसलंस गं?"

आतली भांडी थांबली.

दारापाशी आले. वही हातातच. मागून विचारतंय, कोण आलंय म्हणून. तोच आवाज. तीनदा.

उघडलं तर— नाही उघडलं तर ती तिकडेच—

खांद्यावर हात. एक. दुसरा. ति—