अकरावा मुद्दा

३ फेब्रुवारी, सोमवार
गुरुवारी आईला नगरला, सावेडीतल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. राहुरीहून साडेसातची एसटी. आईच्या तक्रारींची यादी तयार केली. अकरा मुद्दे, घडले त्या क्रमाने. पहिला : जळजळ, दोन वर्षांपासून. अकरावा : डाव्या छातीत गाठ, हरभऱ्याएवढी, २८ जानेवारीला अंघोळ करताना हाताला लागली. हे तिने फक्त मला सांगितलंय. म्हणाली, डॉक्टर बाप्या हाय, त्याच्यापुढं मी न्हाई बोलनार. म्हटलं, बोलूच नकोस, सगळं कागदावर आहे.
दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला तिसरीपर्यंत घरीच शिकवलं. त्यांचे दोन नियम मी अजून मोडलेले नाहीत. लिहायचं ते क्रमाने, आणि मोठ्या माणसांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दादा असते तर यादी बघून खूश झाले असते.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आमचा नंबर सातवा. आत गेलो अठरावे. 'नुसता रिपोर्ट दाखवायचाय' म्हणणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? रिसेप्शनच्या आरती मॅडम म्हणाल्या, ताई, तुम्ही पेशंटबरोबर आलात का दार धरायला?
आमच्याच एसटीने आलेल्या शेजारच्या दगडाबाई मात्र थेट आत घुसल्या. बाहेरपर्यंत ऐकू आलं, "डाक्टर, आधी माझं पोट बघ, मंग तुजा मोबाईल बघ." मलाच लाज वाटली.
डॉक्टरांनी यादी हातात घेतली! वरच्या दोन ओळी वाचल्या, ॲसिडिटी म्हणाले, गोळ्या लिहिल्या. आईकडे एकदाही बघितलं नाही. 'आणखी काही?' असं ते विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी बेल वाजवली. एकूण दोन मिनिटं.
परतताना एसटीत दगडाबाई म्हणाल्या, "पोरी, तुला कोन इचारनार हाय? आपुनच सांगायचं." शिकलेल्या नाहीत, जाऊ दे.
चूक अक्षराची. फार बारीक काढते मी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
या वेळी यादी स्केचपेनने, ठळक. आम्ही आत असतानाच औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला. त्याला खुर्ची, आई उभी. तरी डॉक्टरांनी चार मुद्दे वाचले आणि शुगर तपासायला सांगितली. प्रगती आहे. दोनवरून चार. या वेगाने सहाव्या भेटीत अकराव्यावर पोचतो.

२८ फेब्रुवारी
अकरावा मुद्दा पहिला घ्यावा का? दुपारभर विचार केला. नको. क्रम मोडला तर सगळी यादीच अविश्वसनीय वाटेल. शिवाय डॉक्टरांना आपण शिकवतोय असं वाटायचं. शहाण्या माणसाला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा असतो हे कळतंच.
आई म्हणते, गाठ आता बोराएवढी झाली. यादीत लगेच दुरुस्ती केली.

२० मार्च, गुरुवार
टाइप करून नेली. दोन पानं झाली, कारण गुडघे आणि झोप आता सविस्तर. अकरावा मुद्दा दुसऱ्या पानावर गेला, पण दिसतो सुरेख.
डॉक्टर म्हणाले, "वा! हे कुणी केलं?" मी म्हटलं, मी. म्हणाले, छान, व्यवस्थित आहे. इतका आनंद मला बीएच्या निकालालाही झाला नव्हता. शुगर नॉर्मल आहे, वयाचं आहे सगळं, असं सांगून त्यांनी नवं प्रिस्क्रिप्शन लिहिलं आणि माझ्याच कागदांना स्टेपल केलं. बरोबर दुसऱ्या पानावर.
पायऱ्या उतरताना आईने विचारलं, "ते वाचलं का गं त्यांनी?" म्हटलं, डॉक्टर सगळं वाचतात, बोलून दाखवत नाहीत.

१५ एप्रिल
आरती मॅडमना फोन. डॉक्टर कॉन्फरन्सला. महिनाअखेरीस करा.

३० एप्रिल
फोन. नंबर जूनअखेरचा मिळाला. तातडीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. फोनवर, बाईमाणसाचं असलं, कसं सांगणार? साधं आहे म्हटलं. खोटं बोलले याची दिवसभर टोचणी. संध्याकाळी यादी पुन्हा नीट केली. तेरा मुद्दे.

१२ जून, गुरुवार
दगडाबाई सकाळीच दारात. सरकारी दवाखान्यात बायकांची तपासणी आहे, भागीरथी, ऊठ. मला न विचारता आईला घेऊन निघाल्या. फाईल घेऊन मागे धावले.
तिथे खुर्च्या नाहीत, टोकन नाही, नुसता गोंधळ. नर्सबाई ओळीतल्या प्रत्येकीला एकच विचारत होत्या, "मावशी, अंगावर कुठं गाठबिठ?"
मी पहिलं पान उघडत होते. आई म्हणाली, "हाय की."
तेवढंच. नर्सबाईंनी तिला हाताला धरून पडद्याआड नेलं. मी फाईल घेऊन बाहेर उभी.

१७ जून, मंगळवार
नगर. सरकारी हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आईला बसवलं, पाणी दिलं, कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ लिंबाएवढी, काखेतही लागते. तुकडा तपासायला जाईल, पण आत्तापासून मनाची तयारी ठेवा. किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. मी लगेच सांगितलं. २८ जानेवारी. आज चार महिने वीस दिवस.
तारीख इतकी पक्की कशी, म्हणाल्या. मी फाईल दिली. त्यांनी स्टेपलची पिन काढली, प्रिस्क्रिप्शन बाजूला केलं, अकरावा मुद्दा वाचला. मग पुन्हा वाचला.
"त्या डॉक्टरांना तोंडी सांगितलं नाहीत?"
त्यांनी विचारलं नाही, म्हटलं.
"तीन वेळा गेलात ना?"
आई मधेच म्हणाली, "तिला नका बोलू बाई. तिनं समदं लिवलं हुतं."
डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. बाहेर रांग होती, तरी बेल वाजवली नाही. अगदी हळू त्यांनी विचारलं, "आणखी काही?"
मी नाही म्हणाले.