कुत्र्याच्या दिवशी बांधलेला पट्टा

६ ऑक्टो. २००२, रवि. अल हैल.
"तू नको गं तिची ओटी भरू. जरा मागे उभी राहा." धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात काकू हळूच म्हणाल्या होत्या. वीस वर्षं झाली. त्याआधी सहा महिने, मिरजेला, माझं बाळ. रडलंच नाही ते. लेक रेवा पुष्कळ नंतरची.
आठवलं ते इथल्या, आखातातल्या शेजारणीमुळे, युमिकोमुळे. तिला पाचवा लागलाय. जपानात पाचव्या महिन्यात, कुत्र्याच्या दिवशी, पोटाला सुती पट्टा बांधतात. कुत्री सहज विते म्हणून. बारा प्राण्यांची पाळी असते, दिवसांनाही, वर्षांनाही. तिच्या आईने पट्टा पोस्टाने पाठवलाय. तो मी बांधावा असं ती म्हणते. जिचं सगळं सुखरूप झालं तिनेच बांधायचा. शिवाय माझं जन्मवर्षही कुत्र्याचं निघालं. "रेवा एकटीच ना? त्रास नाही ना झाला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.
ह्यांना ते कुत्र्याचं वर्ष सांगितलं तर आधी हसले. "बावीस वर्षं जे म्हणायची माझी छाती झाली नाही, ते ती तोंडावर म्हणाली?" मग, "आणि मिरजेचं सांगितलंस?"

९ ऑक्टो., बुध.
बांधला. पांढरा, लांबच लांब, कोपऱ्यात लाल शिक्का. आपल्याकडे बाळंतपणानंतर बांधतात, हाताला तेवढंच ठाऊक. जरा घट्टच ओढला गेला. तिला हसू आलं.
ती स्वतः घोड्याच्या वर्षाची, त्यातही आगीच्या. त्या वर्षाच्या मुली नवऱ्याचा जीव घेतात असं मानतात. सासू अजून फोनवर येत नाही.
आता सांगावं, असं वाटलं. तिने चहा ओतला.

२ नोव्हें., शनि.
युमिकोच्या अंगावरून गेलं. नवरा सूरला, प्लांटवर. मीच टॅक्सीने दवाखान्यात नेलं. बाळ ठीक आहे, पण निजून राहायचं. नर्सने पट्टा सोडला तो हिने उशीखाली ठेवला. माझं मनगट धरून म्हणाली, "तू बांधलास म्हणून राहिलं."
डोळ्यांपुढून जात नाही तो शिक्का.

५ नोव्हें., मंगळ.
काल लक्ष्मीपूजन. पणत्या लावताना रेवाला सगळं सांगून टाकलं. आपल्याला भाऊ होता हे तिला पहिल्यांदाच कळलं. बराच वेळ वाती सरळ करत बसली. "आई, त्याचं नाव काय होतं?"
ठेवलंच नव्हतं.

१२ नोव्हें., मंगळ.
युमिको घरी आली. निजूनच असते. पट्टा पुन्हा बांधलाय, एकटीने, पण माझ्यासारखाच, उजवीकडून.
परवा कुत्र्याचा दिवस परत येतो. पट्टा बांधायला याल का, असं ओळखीच्या सुलभाताईंना विचारलं, दार्सैतहून येतील म्हणाल्या. तीन मुलं, तिन्ही धडधाकट. का ते त्यांनी विचारलं नाही.
उद्या दुपारी जाईन. मिरजेचं सांगेन, खोटं बोलले तेही. ती ऐकून घेईल, आणि दोन्ही हात पोटावर ठेवून मान हलवेल, नाही म्हणून. ते मला आत्ताच दिसतंय. तरी मागायचं आहे. युमिको, माझ्या वळणाची ही गाठ मला सोडू दे.