पाण्याच्या दवंडीचा माइक परत मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत सावरदरे, ता. जि. धुळे.

अर्जदार : कु. कोकिळा रुपचंद पाटील, एस.वाय.बी.ए.

विषय : वक्तृत्वाच्या सरावासाठी नळाच्या पाण्याची दवंडी देण्याची परवानगी पुन्हा मिळणेबाबत.

संदर्भ : माइकला हात न लावण्याबाबत आपण मंगळवारी कार्यालयाच्या ओट्यावर दिलेली तोंडी ताकीद.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर की, अर्जदार धुळ्यास कॉलेजात शिकत असून तिला उत्तम वक्ता व्हावयाचे आहे. नाव कोकिळा असल्याने लोकांच्या अपेक्षा बारशापासूनच वाढलेल्या आहेत. परंतु गेल्या महिन्यातील स्पर्धेत "अध्यक्ष महाराज" एवढे म्हणून अर्जदार अडखळली, आणि पुढे माइकवरून सर्व सभागृहास "बठ्ठं पाठ व्हतं हो, आते काहीच याद येत नही," एवढेच ऐकू गेले. परीक्षकही हसले. अर्जदार एस.टी.त खिडकीकडे तोंड करून गावी परतली.

२. त्याच आठवड्यात दवंडी देणारे आपले शिपाई वना आबा यांना खोकला झाला. त्यांनी "पोर, आज तू सांगी दे," म्हणून माइक अर्जदाराच्या हाती दिला. कार्यालयातील माइकच्या खोलीत समोर फक्त भिंत आहे, कर्णा बाहेर छतावर. भिंत हसत नाही. आवाज असा मोकळा सुटला की, अर्जदाराच्या आईने घरी विचारले, "दवंडीले नवी बाई लायी का?"

३. तेव्हापासून दवंडी अर्जदारच देत असून सरावाच्या ओघात ती लांबत गेली, हे मान्य आहे. सोमवारी वरच्या गल्लीचा नळ सुटल्याचे सांगता सांगता अर्जदार पांझरा नदीच्या भवितव्यावर घसरली. लीलाधर नाना रिकामा हंडा काखेत घेऊन ऐकत राहिले आणि नळ गेला. त्यांची तक्रार रास्त आहे. तथापि त्यांनी अर्जदाराच्या वडिलांस स्वतः सांगितले की, "मन्ही तक्रार पानीनी शे, भाषननी नही."

४. आता जळगावच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कॉलेजातील उषा मॅडमनी पुन्हा अर्जदाराचेच नाव दिले आहे. "या वेळी घाबरलीस तर मी दुसरी मुलगी पाठवीन," असेही त्या म्हणाल्या. तिथे भिंत नसणार, माणसे असणार. म्हणून विनंती अशी की, माइकची वायर बाहेर ओट्यापर्यंत ओढून मिळावी. दवंडी दोन वाक्यांत उरकली जाईल. भाषण नळ गेल्यावर होईल, आणि ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी समोर बसावे.

५. ही विनंती अमान्य करावयाची असल्यास कृपया कागदावर शेरा मारून करू नये. येत्या ग्रामसभेत, भरल्या गावासमोर, अर्जदारास उभे करून जाब विचारावा. अर्जदार आपले म्हणणे तोंडी मांडील.

आपली विनम्र आणि तूर्त माइकविना,
(सही)
कोकिळा रुपचंद पाटील
मु. पो. सावरदरे
दि. ९ जानेवारी २०२६